फळांची तिखट-मिठाची कोशिंबीर: पाणी का सुटतं, काळी का पडते, कडू का होते

दूध-कस्टर्डचं फ्रूट सॅलड इथे धरलेलं नाही. हे लिहिलंय ते साखरेशिवायच्या, हलक्या कोशिंबिरीबद्दल: सफरचंद, पेरू, अननस, द्राक्षं, डाळिंब, काकडी, वर लिंबू, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिरवी मिरची, पुदिना, कधी दही, कधी फेसलेली मोहरी. हळदीकुंकू, भिशी, घरगुती केळवण, सगळीकडे हल्ली ही असतेच. आणि ती बिघडते तीही ठरावीक पद्धतीनेच. आमच्या नात्यागोत्यात आणि सोसायटीत कुणाची बिघडली की फोन मला येतो, बहुतेक वेळा पाहुणे दारात असताना. त्या वेळी फारसं काही करता येत नाही. म्हणून आधीच काय तपासायचं ते सविस्तर लिहिते.

लक्षणं

तुमचं नेमकं काय बिघडतंय ते आधी पाहा.

- तळाशी पाणी साचतं, फोडी लिबलिबीत होतात, वरची फळं आळणी आणि खालची खारट लागतात.
- सफरचंद, पेरू, केळं तपकिरी पडतं. कधी कडेला निळसर-काळी रेघ येते.
- दही घातलं की तासाभरात पातळ होतं आणि कडवट लागतं.
- कोशिंबिरीला कांद्याचा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो.
- खाल्ल्यावर जीभ चुरचुरते.
- डाळिंबाचा रंग सगळीकडे लागून सगळं गुलाबी, गढूळ दिसतं.
- मोहरी चढतच नाही, नुसती कडू होते.

आता तपासायला लागा. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की आधी फुकटातलं, मग थोड्या कष्टाचं, आणि शेवटी खर्चाचं. बहुतेकांचं काम पहिल्या दोन-तीन गोष्टींतच होतं.

मीठ कधी घातलंत?

पाणी सुटल्याची तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते. "काकू, सगळं सकाळीच कालवून ठेवलं, म्हणजे छान मुरेल," असं उत्तर आलं की पुढे तपासायची गरजच उरत नाही. लोणचं मुरतं, कोशिंबीर मुरवायची नसते. फोडीवर मीठ पडलं की बाहेर खारट थर तयार होतो आणि आतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून पाणी काढतो, तिथे हेच आपल्याला हवं असतं. इथे नको असतं. साखरही हेच करते, त्यामुळे 'आंबट आहे म्हणून चमचाभर साखर' हाही त्यावर उपाय नव्हे.

खात्री करायची तर दोन वाट्या घ्या. दोन्हींत कलिंगडाच्या किंवा काकडीच्या चार-चार फोडी टाका, एकीत चिमूटभर मीठ घाला, पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरक्या करून बघा. मिठाच्या वाटीत चमचाभर पाणी दिसेल, दुसरीत जवळजवळ काहीच नाही.

तेव्हा फळं चिरून, कोरडी, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि मीठ-मसाला वेगळ्या वाटीत तयार ठेवा. ताटं मांडली की मगच कालवा. पंगती दोन असतील तर दोनदा कालवा. एकदम सगळं कालवायचा मोह आवरा. दुसऱ्या पंगतीला पाण्यातली फळं वाढायला लागू नयेत, यासाठी तेवढी पाच मिनिटं सत्कारणी लागतात.

प्रमाणही पाहा. आठ वाट्या फोडींना सगळं मिळून पाऊण चहाचा चमचा मीठ पुरतं. तयार चाट मसाला वापरत असाल तर पाकिटावर घटक वाचा, त्यात मीठ वरच्या नंबरला असतं. त्यावर पुन्हा साधं मीठ, मग सैंधव, असं केलं की मीठ तीनदा पडतं आणि पाणीही त्याच मापाने सुटतं.

पाणी सुटूनच गेलं असेल तर फोडी रोळीत किंवा चाळणीत उपसून घ्या. ते पाणी टाकू नका: त्यात लिंबू पिळून, गार पाणी आणि जिरेपूड घालून पाहुण्यांना लगेच प्यायला द्या. फोडींत मूठभर कोरडे, करकरीत सफरचंदाचे तुकडे मिसळा, भाजलेल्या दाण्यांचा भरड कूट घाला. पहिल्यासारखी होत नाही, पण वाढण्याजोगी होते.

फळं ओली होती का?

धुतलेली द्राक्षं, पुदिना, कोथिंबीर यांच्यावरचं पाणी थेट भांड्यात जातं, आणि आपण समजतो फळांनीच पाणी सोडलं. द्राक्षं देठाला असतानाच धुवा, पंच्यावर पसरून वाऱ्याखाली वाळवा, मग तोडा. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची. देठ काढून धुतली तर पाणी आत शिरतं. पुदिना पंच्यात गुंडाळून हलक्या हाताने टिपा. या सगळ्याला खर्च शून्य, आणि फरक पहिल्याच वेळी दिसतो.

कलिंगड, खरबूज, सोललेलं संत्रं ही मुळातच पाणीदार. कलिंगडात तर दर शंभर ग्रॅममागे नव्वदच्या वर पाणीच असतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कलिंगड हवंच असेल तर फोडी मोठ्या, दोन बोटांएवढ्या ठेवा, चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि वाढताना वरून घाला. खालून मिसळू नका. डाळिंबाचंही तसंच: दाणे ढवळताना फुटतात आणि रंग सोडतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी, वरून.

सुरी, पाट, विळी

वास येत असेल तर मसाल्याला दोष देण्याआधी पाट हुंगा. लाकडी पाटावर सकाळी कांदा-लसूण चिरला असेल तर धुतल्यावरही वास राहतो, आणि सफरचंद-पेरू तो लगेच धरतात. फळांसाठी वेगळा पाट ठेवा. मासे-मटण ज्या पाटावर कापता तो तर फळांना कधीच वापरू नका. तिथे प्रश्न वासाचा नाही, जंतूंचा आहे, कारण फळं आपण शिजवणार नसतो.

कडेला निळसर-काळी रेघ दिसली तर विळी पाहा. लोखंडी पात्यावर आवळा किंवा अर्धकच्चा पेरू चिरला की फळातला तुरटपणा आणि लोखंड यांची क्रिया होते आणि तो रंग येतो. स्टीलच्या सुरीने चिरा, रेघ येणार नाही. पाण्याने धुऊन ती जात नाही, तेवढी कड कापूनच टाकावी लागते.

उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर तो काळ्या मिठाचा. त्यात गंधकाची संयुगं असतात, तो वास त्याचा स्वभावच आहे. थोड्या प्रमाणात चव छान येते. झाकून ठेवलेल्या भांड्यात जास्त घातलं तर झाकण काढताच भपकारा येतो. आठ वाट्यांना पाव चमचा पुरे, तोही वाढताना.

फोडी काळवंडतात

फळ चिरलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने रंग बदलवतं. उपाय दोनच: हवा लागू द्यायची नाही, किंवा आंबटपणा वाढवून वा जराशा मिठाने विकराचं काम मंद करायचं. अर्ध्या लिंबाचा रस चार वाट्या सफरचंदाच्या फोडींना चोळला तर दोन-तीन तास रंग टिकतो. रस नुसता वरून पिळून उपयोग नाही, प्रत्येक फोडीला लागायला हवा. हाताने हलकं कालवा.

लिंबाची चव नको असेल तर एक लिटर गार पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून त्यात फोडी पाच मिनिटं बुडवा, मग उपसून पंच्यावर कोरड्या करा. वर मिठाबद्दल जे सांगितलं त्याच्याशी हे विसंगत वाटेल. पण हे पाणी इतकं पातळ असतं आणि वेळ इतका थोडा की फोडीतलं पाणी ओढलं जात नाही. मात्र अर्धा तास विसरलात तर फळाची चव पाण्यात उतरेल.

केळं शेवटी, म्हणजे खरोखरच शेवटी चिरा. या कोशिंबिरीला काळे ठिपके पडलेलं केळं चालत नाही. टोकाला जरा हिरवट असलेलं, घट्ट हवं.

फळ किती पिकलंय?

इथे थोडा खर्च येतो, कारण फळं पुन्हा आणावी लागू शकतात. गोड पदार्थाला पिकलेलं फळ हवं, तिखट-मिठाच्या कोशिंबिरीला थोडं आधीचं. पेरू बोटाने दाबला तर किंचितच दबावा. पेअर करकरीत. अननस सोनेरी व्हायला लागलेला, पण बुडाशी मऊ पडलेला नको, आणि त्याला आंबूस वास येत असेल तर तिथेच ठेवून द्या.

ऋतू पाहिलात तर निम्मं काम आपोआप होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाशिकची द्राक्षं, पेरू, नागपुरी संत्री, बोरं. चैत्रात कैरीच्या बारीक फोडी, काकडी, द्राक्षं, थोडं कलिंगड. ऋतूबाहेरचं फळ महागही आणि बहुतेकदा बेचवही, आणि मग ती चव मसाल्याने झाकायला जाऊन आपण मीठ वाढवतो.

बाहेरून एकसारखं पिवळंधमक आणि आत कडक, पांढरट, आंबट निघणारं फळ कृत्रिमरीत्या पिकवलेलं असण्याची शक्यता असते. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. संशय आला तर ते फळ पाहुण्यांना नको आणि घरच्यांनाही नको. दुसरं आणा.

दही कडू होतं

दह्याच्या नावाने ओरडण्याआधी बघा, सोबत अननस, किवी, पपई किंवा ताजं अंजीर आहे का? या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात: अननसात ब्रोमेलिन, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन. कच्च्या आणि अर्धकच्च्या पपईत त्याचा जोर फार, पूर्ण पिकल्यावर कमी. दह्यातली प्रथिनं तुटली की दही पातळ होतं आणि जे तुकडे उरतात त्यांची चव कडवट असते. दही आंबट नव्हतं, शिळं नव्हतं, तरी असं झालं तर कारण हेच. दह्याचा ब्रँड बदलून यात काही साधत नाही.

तपासायला एका वाटीत दही आणि न शिजवलेल्या अननसाच्या दोन फोडी, दुसरीत दही आणि द्राक्षं. तासाभराने दोन्ही चाखा. एकदा जिभेवर फरक आला की पुढे कधी गोंधळ होत नाही.

उपाय सोपा आहे. अननसाच्या फोडी कढईत स्वतःच्या रसातच पाच-सात मिनिटं, कडा पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा, पूर्ण गार करा, मग दह्यात घाला. उष्णतेने विकर निकामी होतं. कोकणात, गोव्यात अननसाचं सासव करताना बऱ्याच घरी अननस आधी शिजवून घेतात. तो शिजवलेला अननस खोबरं-मोहरीच्या वाटणात छान निवांत राहतो. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तोही चालतो, फक्त त्याचा पाक धुऊन काढा. किवी शिजवून काही हाती लागत नाही. किवी हवीच असेल तर दही नको, लिंबू घ्या.

दही पातळच असेल तर दोन तास मलमलच्या फडक्यात टांगून घट्ट करा. पूर्ण चक्का नको, चमच्यावरून हळूहळू ओघळेल इतपत. पाणीदार दही आणि पाणीदार फळ एकत्र आलं की त्याचं ताकच होतं.

जीभ चुरचुरण्यामागे बहुतेकदा हाच न शिजवलेला अननस असतो: विकर आणि त्यातले सुईसारखे बारीक स्फटिक, दोन्ही मिळून. शिजवला की त्रास बराच कमी होतो. किवीनेही तसंच होतं. पण ओठ-जीभ सुजत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

मोहरी आणि फोडणी

फेसलेल्या मोहरीची फळांची कोशिंबीर मला सगळ्यांत आवडते, आणि तीच करायला जरा कठीण. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटला, त्याला पाणी मिळालं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि मग तो तयार होतो. यात तीन ठिकाणी बिघडतं.

गरम पाणी घातलं तर झणका येणारच नाही, कारण तो बनवणारं विकर उष्णतेने मरतं. लिंबू आधीच घातलं तर क्रिया अडते, मोहरी चढत नाही. आणि मिक्सरमध्ये एकसलग फिरवत राहिलात तर भांडं तापतं, मोहरी फार बारीक होते आणि कडूपणाच वर येतो. म्हणून चमचाभर मोहरी खलबत्त्यात भरड कुटा, त्यात गार पाण्याचे दोन चमचे घालून फेसा, दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढल्यावर नाकात झिणझिणलं पाहिजे. मग लिंबू, मीठ, हवा तर गुळाचा खडा. एवढं आठ वाट्यांना पुरतं. पहिल्यांदा करताना निम्मंच घाला, चव बघा आणि मग वाढवा.

फोडणी करत असाल तर ती पूर्ण गार होऊ द्या. गरम फोडणीने द्राक्षाची साल सुरकुतते आणि केळं जागच्या जागी शिजतं. उपवास असेल तर मोहरी-हिंग सोडा. तूप-जिरं, मिरची आणि सैंधव भरपूर झालं.

गारवा आणि वेळ

आता अवघड भाग. वरचं सगळं जमलं तरी पन्नास माणसांची फळं घरच्या फ्रिजमध्ये मावत नाहीत, आणि खरी काळजी इथेच आहे. चिरलेलं फळ ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली गार राहिलं पाहिजे. बाहेर काढल्यावर जास्तीत जास्त दोन तास. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. चैत्र-वैशाखात नागपूर-अकोल्याकडे म्हणजे कायम एकच तास धरा. साल काढली की फळाचं संरक्षण गेलं, आणि कलिंगड-खरबूज आंबट नसल्यामुळे त्यांवर जंतू लवकर वाढतात. कलिंगड चिरण्याआधी सालही धुवा, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते.

दहा-बारा माणसांसाठी घरी होतं. फळं दोन उथळ डब्यांत ठेवा. खोल पातेल्यात मधला भाग तासन् तास गार होत नाही. वाढायचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवा, आणि मोठं भांडं एकदा मांडण्यापेक्षा लहान भांडं तीनदा भरा. वेळ उलटून गेली तर उरलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ढकलू नका, टाकून द्या. जीव तुटतो, मला माहीत आहे. तरीही टाकाच.

इथे थांबा

पंचवीस-तीस माणसांच्या वर आकडा गेला, फ्रिजमध्ये जागा नाही, किंवा त्या दिवशी भारनियमन आहे, तर हे काम केटररला द्या. देताना तीन गोष्टी विचारा: अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना आहे का, फळं कुठे चिरणार, आणि गार कशात आणणार. तिसऱ्याचं उत्तर 'टेम्पोत झाकून आणू' असं आलं तर दुसरा माणूस शोधा, किंवा न चिरता खाता येणारी फळं ठेवा. संत्री, केळी, द्राक्षांचे घड मांडून ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

पाहुण्यांपैकी कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर कमरख, म्हणजे करंबळ, कोशिंबिरीत अजिबात घालू नका. आडवं कापलं की चांदणी दिसते, म्हणून सजावटीला हौसेने वापरतात. मूत्रपिंड नीट काम करत नसलेल्या माणसाला त्यातून मेंदूवर परिणाम होण्यापर्यंत गंभीर विषबाधा होऊ शकते. अशा लोकांना पोटॅशियमही जपून घ्यावं लागतं, तेव्हा केळं-संत्रं किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारू द्या. गणपतीच्या दिवसांत पपनस घालत असाल तर तेही सांगून वाढा, कारण रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि अवयवरोपणानंतरच्या काही औषधांशी त्याचं जमत नाही.

खाल्ल्यावर ओठ, जीभ, घसा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. दुसऱ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस चालू करा. ताप चढला, शौचातून रक्त पडलं, पाणीही पोटात ठरेना, लघवी कमी झाली, किंवा लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते सांगा.